‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी कलासंग्रहालयातील रेखाटन

कलासंग्रहालयाच्या दालनात प्रेक्षकांच्या हातात कागद-पेन्सिल ठेवली की पुढचे वाक्य जवळजवळ ठरलेले असते: “मला चित्र काढता येत नाही हो.” सहा-सात वर्षांची मुले ते क्वचित म्हणतात, अकरा-बारा वर्षांची बहुधा म्हणतात आणि मोठी माणसे हमखास म्हणतात. असे उपक्रम घेणाऱ्याने या वाक्याची तयारी आधी करावी आणि पेन्सिलींची नंतर. मी पाहिलेले जे उपक्रम फसले त्यांतले बहुतेक साहित्य कमी पडल्याने फसले नव्हते. समोरच्या माणसाला आपला शाळेतला चित्रकलेचा तास आठवला आणि त्याचा हात आखडला, म्हणून फसले होते.

या आखडलेल्या हाताला मोकळे करण्याचा एकच खात्रीचा मार्ग मला ठाऊक आहे, आणि तो म्हणजे हुबेहूब चित्र काढणे मुळातच अशक्य होईल अशी एखादी अट घालणे. कागदाकडे पाहायचे नाही, अर्ध्या मिनिटात थांबायचे, वस्तू सोडून तिच्या भोवतीची जागा काढायची, अशी कोणतीही अट चालते. अट आली की वाकडे चित्र ही काढणाऱ्याची चूक राहत नाही, ती अटीची करामत ठरते, आणि मग माणूस निर्धास्तपणे जे करायला लागतो तेच आपल्याला हवे असते: तो समोरच्या कलाकृतीकडे बराच वेळ पाहू लागतो.

बराच वेळ म्हणजे किती, याची तुलना करायला एक जुना आकडा उपयोगी पडतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ यांनी केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रेक्षक एका चित्रासमोर सरासरी २७ सेकंद थांबत असल्याचे दिसले. निम्म्या वेळा तर हा काळ १७ सेकंदांहूनही कमी होता. साधे तीन मिनिटांचे रेखाटन हा काळ कितीतरी पटींनी वाढवते. छायाचित्राने हे साधत नाही. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांच्या २०१४ मधील प्रयोगात संग्रहालयातील वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू, नुसत्या पाहणाऱ्यांच्या तुलनेत, कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढणाऱ्यांच्या बाबतीत हा तोटा दिसला नाही. फरक लक्ष देण्याचा आहे, आणि लक्ष देणे भाग पाडणारे पेन्सिलीइतके स्वस्त साधन दुसरे नाही. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१५ मध्ये प्रेक्षकांना कॅमेरा बाजूला ठेवून चित्र काढायला सांगणारी मोहीम सुरू केली तेव्हा तिचे नवल झाले खरे, पण प्रघात जुनाच होता. पॅरिसचे लूव्र १७९३ मध्ये संग्रहालय म्हणून उघडले तेव्हा क्रांतिकाळातील दहा दिवसांच्या आठवड्यातले फक्त तीन दिवस सामान्य प्रेक्षकांच्या वाट्याला होते, आणि सर्वांत मोठा वाटा तिथे बसून नकला करणाऱ्या चित्रकारांसाठी राखलेला होता.

आधी जागा, मग कलाकृती

नवखा आयोजक पहिल्यांदा संग्रहालयातील सर्वांत प्रसिद्ध चित्र निवडतो. मीही तेच केले होते. बारा माणसे अर्धवर्तुळात बसवली, आणि पाच मिनिटांत त्यांच्या आणि चित्राच्या मध्ये दुसऱ्या एका गटाच्या पाठी उभ्या राहिल्या. त्या दिवशी माझ्या गटातील एका मुलीने त्या पाठीच काढल्या, आणि खरे सांगायचे तर सगळ्यांत चांगले रेखाटन तिचेच होते. पण तो उपक्रम आखला म्हणून घडला नव्हता. तेव्हापासून मी आधी जागा पाहतो. दालनातून जाण्यायेण्याची वाट अडणार नाही, स्टुले मांडल्यावरही व्हीलचेअर वळवायला सुमारे १.५ मीटर मोकळी जागा उरेल आणि प्रत्येक बसणाऱ्याला मान न वळवता कलाकृती दिसेल, एवढे जमत असेल तरच त्या जागेतील कलाकृतींचा विचार करावा. आठवड्यातील ज्या दिवशी आणि ज्या वेळी उपक्रम घ्यायचा आहे, त्याच दिवशी आणि त्याच वेळी एकदा तिथे जाऊन अर्धा तास नुसते बसून यावे. गर्दीची भरती-ओहोटी नकाशावर दिसत नाही.

प्रकाशाचाही विचार हवा. कागदावरील कामे, म्हणजे जलरंग, मुद्राचित्रे, रेखाटने, ही साधारण ५० लक्स इतक्या मंद उजेडात मांडलेली असतात, कारण प्रकाशाने रंग विटतात आणि ही हानी साचत जाते, भरून येत नाही. अशा दालनात शिरल्यावर डोळे सरावायला काही मिनिटे जातात आणि कागदावरची फिकट रेघ दिसत नाही. तिथे बसायचेच असेल तर मऊ, काळीभोर पेन्सिल द्यावी आणि बारकाव्यांचा उपक्रम घेऊ नये. सुरुवात करणाऱ्यांसाठी शिल्पांचे दालन सर्वांत सोयीचे असते: शिल्पाला चारी बाजू असतात, त्यामुळे माणसे आपोआप विखुरतात, आणि शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांची चित्रेही वेगळी येत असल्याने तुलना करायला फारसा वाव उरत नाही.

परवानगी लेखी घ्यावी आणि ती दालनातील सुरक्षारक्षकापर्यंत पोहोचली आहे की नाही हे स्वतः पाहावे. कायमस्वरूपी संग्रहात पेन्सिलीने रेखाटन करायला बहुतेक संग्रहालये हरकत घेत नाहीत; तात्पुरत्या प्रदर्शनात मात्र इतरांकडून उसन्या आणलेल्या कलाकृती असतात, त्यांच्याबरोबर मालकांच्या अटी येतात, हयात कलावंतांच्या कामांच्या बाबतीत स्वामित्वहक्काचा प्रश्न असतो, आणि अरुंद मार्गात थांबलेला माणूस रांग अडवतो. नियम विचित्र वाटले तरी त्यामागे बहुधा कारण असते. लूव्रमध्ये परवाना घेऊन रंगीत नक्कल करणाऱ्याला ती मूळ चित्राच्या आकाराची करता येत नाही, आणि एवढ्या एका अटीने तिथे बनावट चित्रांची भीती बरीचशी मिटवली आहे.

साहित्य थोडे, पण विचाराने

पेन्सिल, आणि पेन्सिलच. शाईचा एक थेंब संगमरवराच्या छिद्रांत शिरला की तो निघत नाही, कोळसा आणि पेस्टल यांची भुकटी हवेत उडते, रंगाचे पाणी सांडते. पेन्सिलीतले ग्रॅफाइट मात्र कागद सोडून फारसे कुठे जात नाही. रंगीत पेन्सिली अनेक ठिकाणी चालतात, पण विचारून घ्याव्यात. एचबीची रेघ फिकट उठते आणि फिकट रेघ माणसाला आणखी भित्रे करते, म्हणून उजळ दालनात २बी आणि मंद दालनात ४बी द्यावी. टोके आदल्या दिवशी काढून ठेवावीत आणि दर माणशी दोन पेन्सिली धराव्यात, म्हणजे दालनात शार्पनर उघडण्याची वेळ येत नाही.

कागद ए५ किंवा फार तर ए४ आकाराचा असावा. मोठा कागद उदारपणाने दिला जातो आणि नवख्याला तो भरून काढायचे मैदान वाटतो. कागदाखाली साधारण तीन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा, वर एक छोटी क्लिप आणि खालच्या बाजूला रबरबँड, एवढे पुरते. बाजारातील धातूच्या मोठ्या चिमट्याचे पॅड मी एकदाच वापरले. त्यातले एक कुणाच्या तरी मांडीवरून घसरले आणि चौथऱ्याच्या कडेवर आपटले. चौथऱ्याला काही झाले नाही, पण त्या आवाजाने तीन दालनांतले रक्षक धावत आले आणि उरलेला वेळ कुणाचाही हात कागदावर धड टेकला नाही.

खोडरबर देऊ नये. त्याचा कचरा जमिनीवर पडतो हे एक कारण झाले. खरे कारण असे की खोडरबर हातात असला की माणूस कलाकृतीकडे पाहायचे सोडून स्वतःच्या कागदाकडे पाहू लागतो. चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी रेघ काढायची, पहिली तशीच राहू द्यायची, हे सुरुवातीलाच सांगून टाकावे. स्टुले घडीची आणि हलकी असावीत; खांद्यावरच्या पिशव्या मात्र बाहेर ठेवायला लावाव्यात, कारण चित्र काढता काढता मागे सरकणाऱ्या माणसाला आपली पाठ कुठवर जाते याचे भान नसते. कलाकृतीपासून निदान एक मीटर अंतर ठेवावे आणि पेन्सिलीने तिच्याकडे निर्देश करू नये, हा नियम मोठ्यांनाही सांगावा लागतो. मापे घेण्यासाठी हात लांब करून पेन्सिल धरायची सवय असलेले हौशी चित्रकार तर तो विशेष मोडतात.

पहिली दहा मिनिटे: कागदाकडे न पाहता

सुरुवात कागदाकडे न पाहता बाह्यरेषा काढण्याच्या जुन्या सरावाने करावी. अमेरिकेतील कलाशिक्षक किमॉन निकोलाइडिस (१८९१–१९३८) यांनी तो शिकवण्याची पद्धत बसवली आणि आज जगभर तो चित्रकलेच्या वर्गांत घेतला जातो. कृती अशी: साधारण हाताच्या पंजाएवढ्या पुठ्ठ्याच्या तुकड्याला मधोमध भोक पाडून त्यातून पेन्सिल ओवावी, म्हणजे हात आणि टोक दोन्ही पुठ्ठ्याखाली झाकले जातात आणि चोरून पाहण्याचा मोहच उरत नाही. मग कलाकृतीचा एक छोटा भाग निवडावा, सबंध पुतळा नको. एक कान, एक हात, वस्त्राची एक चुणी पुरेशी आहे. नजर त्या भागाच्या कडेवर एका बिंदूपाशी टेकवावी, त्या कडेवरून एक मुंगी चालली आहे अशी कल्पना करावी आणि मुंगीच्या चालीने नजर पुढे न्यावी. पेन्सिलही त्याच वेगाने कागदावरून सरकते. नजर थांबली की पेन्सिल थांबते. तीन मिनिटे झाली की थांबा म्हणावे.

सांगताना वेगावर जोर द्यावा, कारण सगळेजण पहिल्यांदा घाई करतात आणि वीस सेकंदांत हात खाली ठेवून इकडेतिकडे पाहू लागतात. अशांना पुन्हा सुरू करायला सांगावे आणि आपण स्वतः शेजारी बसून तेच करावे. आयोजकाने प्रत्येक उपक्रमात स्वतः भाग घेतला पाहिजे, मात्र आपले कसब दाखवण्यासाठी नाही; ज्याला खरोखर छान चित्र काढता येते त्याने तर या वेळी डाव्या हाताने काढावे.

एकदा बसलेल्या माणसाच्या एका ब्राँझ पुतळ्यासमोर आमचा गट होता. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या सांभाळून निवृत्त झालेले एक गृहस्थ आधी बाजूच्या बाकावर नातवाची वाट पाहत बसले होते. “मी आपला बघतो” म्हणाले. रिकामे हात अवघडतात, म्हणून त्यांनी कागद घेतला आणि पुतळ्याच्या गुडघ्यावर टेकलेला हात निवडला. दोन मिनिटांनी ते अचानक मोठ्याने म्हणाले, “अहो, याच्या अंगठ्याला नखच नाही!” खरोखरच नव्हते. बाकीच्या चार बोटांना शिल्पकाराने नखे कोरली होती आणि अंगठ्याच्या टोकाशी नुसता ओल्या मातीवर दाबल्यासारखा खळगा होता. मी त्या पुतळ्यासमोर अनेकदा बसलो होतो आणि मला ते कधी दिसले नव्हते. गृहस्थांच्या कागदावर जे उमटले होते ते हातापेक्षा बटाट्याच्या वेलासारखे दिसत होते, पण त्यांना त्याची फिकीर नव्हती. ते उठून पुतळ्याच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि दुसरा अंगठा तपासू लागले.

कागद उलटून पाहिल्यावर हशा पिकतो. तो पिकू द्यावा. त्यानंतर लगेच प्रश्न विचारावा: “रेघ कुठे अडली?” जिथे रेघ अडते, थरथरते किंवा परत फिरते तिथे नजरेला काहीतरी न समजलेले सापडलेले असते, आणि ती जागा सगळ्यांनी मिळून पुन्हा पाहावी.

वेगाचे आणि जागेचे उपक्रम

इतक्या संथपणानंतर वेग हवासा वाटतो. शिल्पाभोवती चार जागा ठरवाव्यात, प्रत्येक ठिकाणी तीस सेकंद द्यावेत आणि तेवढ्या वेळात शिल्पाचा तोल, झुकाव आणि जोर कुठे आहे एवढेच पाच-सहा रेघांत पकडायला सांगावे. चेहरा काढायचा नाही. चित्र काढण्यापूर्वी एकदा शिल्पाची मुद्रा स्वतःच्या अंगाने करून पाहायला लावली तर रेघांत फार फरक पडतो. कोणत्या पायावर भार आहे हे डोळ्यांना कळायच्या आधी गुडघ्याला कळते. मोठ्यांना याचा संकोच वाटतो, पण आयोजकाने आधी केले की निम्मा गट करतो. चौथी जागा झाल्यावर पुन्हा पहिल्या जागेवर आणावे. एकच शिल्प वारंवार काढण्यात कमीपणा नाही हे सांगायला सेझानचे उदाहरण बरे पडते: १८६३ मध्ये लूव्रमध्ये नक्कल करण्याचा परवाना घेतलेला हा चित्रकार सतराव्या शतकातील फ्रेंच शिल्पकार प्युजे याच्या शिल्पांकडे पुढेही वर्षानुवर्षे परत येत राहिला आणि तीच शिल्पे वेगवेगळ्या बाजूंनी काढत राहिला.

दुसरी अट रिकाम्या जागेची. कमरेवर हात ठेवलेल्या पुतळ्याचा हात काढायचा नाही. हात आणि कंबर यांच्यामध्ये जे भोक दिसते त्याचा आकार काढायचा, मग दोन पायांमधला, मग मान आणि खांद्यालगतचा. आपल्या मनात हाताचे एक ठोकळेवजा चित्र साठवलेले असते आणि हात काढायला घेतला की तेच कागदावर येते. भोकाचे असे साठवलेले चित्र कुणाकडेच नसल्यामुळे ते पाहूनच काढावे लागते. गंमत अशी की चार-पाच भोके नीट काढली की मधला पुतळा न काढताच उभा राहतो, आणि स्वतःला चित्र येत नाही म्हणणाऱ्याच्या कागदावरच तो बहुधा सर्वांत नेमका उभा राहतो.

चित्रासमोर काय करावे

सपाट चित्राची नक्कल करायला सांगणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. नक्कल करणारा डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करतो आणि वेळ संपेपर्यंत एका झाडाच्या पानांत अडकतो. त्याऐवजी चित्राचा उजेड काढायला सांगावा. आधी कागदावर मूळ चौकटीच्या प्रमाणात एक छोटा आयत आखावा, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा असला तरी चालतो. चित्र आडवे किती आणि उभे किती हे नजरेने ठरवतानाच पहिली चर्चा सुरू होते. मग डोळे इतके बारीक करावेत की पापण्यांतून बारकावे पुसले जातील आणि फक्त उजेड-अंधाराचे डाग उरतील. त्या डागांच्या तीनच छटा करायच्या: कागदाचा पांढरा, मधला करडा आणि दाबून काढलेला काळा. कुणाचे नाक, कुणाचे घर, काही ओळखायचे नाही. पाच मिनिटांत चित्राचा सांगाडा हाती येतो, आणि चित्रकाराने सगळ्यांत उजळ डाग नेमका सगळ्यांत गडद डागाला खेटून का ठेवला असावा हा प्रश्न मग कुणीतरी आपणहून विचारते. तो आपण विचारण्यात मजा नाही, थांबावे.

गर्दीच्या चित्रांसाठी पुठ्ठ्यात कापलेली छोटी चौकट द्यावी. ती डोळ्यांसमोर धरून चित्रातले एक लहानसे चित्र शोधायचे आणि तेवढेच काढायचे. अमूर्त चित्रांसमोर चौकटीपेक्षा हात उपयोगी: आधी हवेत, मग कागदावर, चित्रातील एखादा फटकारा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने ओढला असेल त्या गतीची नक्कल करायची. मोठ्या फटकाऱ्याला मनगट पुरत नाही, खांदा हलवावा लागतो, हे समजले की “असे तर माझे पोरही काढेल” हा शेरा जरा कमी ऐकू येतो.

जोडीने

एका जोडीत दोघे पाठीला पाठ लावून बसतात. एकजण चित्राकडे तोंड करून पाहतो आणि बोलतो, दुसरा भिंतीकडे किंवा दालनाच्या मोकळ्या बाजूकडे तोंड करून ऐकतो आणि काढतो. बोलणाऱ्याने वस्तूंची नावे घ्यायची नाहीत, फक्त आकार, दिशा, अंतर आणि छटा सांगायच्या; “घोडा आहे” म्हटले की ऐकणारा आपल्या मनातला घोडा काढून मोकळा होतो. “कागदाच्या मधोमध, थोडा डावीकडे झुकलेला, भोपळ्यासारखा फुगीर आकार, त्याच्या वरच्या टोकातून उजवीकडे निघालेला जाड वाक” असे सांगावे लागले की बोलणाऱ्यालाच कळते की आपण घोड्याची मान कधी पाहिलीच नव्हती. दोघांना प्रत्येकी सहा मिनिटे द्यावीत, दुसऱ्या फेरीत चित्र बदलावे. ज्यांना पेन्सिल धरणे अवघड आहे, ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना अजिबात काढायचे नाही अशा प्रेक्षकांना या उपक्रमात मानाची भूमिका मिळते, म्हणून मिश्र गटात मी तो चुकवत नाही. दालनात आवाज वाढतो, एवढे मात्र रक्षकाला आधी सांगून ठेवावे.

अंध प्रेक्षकांसाठी रबराच्या पट्टीवर पसरायचा पातळ प्लास्टिकचा कागद मिळतो. त्यावर टोकदार कलमाने रेघ ओढली की ती वरच्या बाजूला उठून येते आणि बोटांना लागते. स्पर्शाची परवानगी असलेले शिल्प किंवा प्रतिकृती दोन्ही हातांनी तपासून मग ती अशा कागदावर काढणे, आणि आपण काढलेली रेघ लगेच बोटांनी वाचणे, हा उपक्रम डोळस प्रेक्षकांनीही डोळे मिटून करण्याजोगा आहे.

कुटुंबांसाठी घडीचा खेळ हमखास चालतो. कागदाच्या तीन घड्या, पहिल्याने एका शिल्पाचे डोके काढून ते दुमडायचे, दुसऱ्याने दुसऱ्या शिल्पाचे धड, तिसऱ्याने तिसऱ्याचे पाय. १९२५ च्या सुमारास पॅरिसमधील अतिवास्तववाद्यांनी हा खेळ रंगवला होता. यात पाहणे कमी आणि धमाल जास्त असते, म्हणून तो अर्ध्या तासाच्या वर रेंगाळू देऊ नये.

स्मरणचित्र

शेवटी स्मरणचित्र ठेवावे. तीन मिनिटे कलाकृतीकडे हात रिकामे ठेवून पाहायचे, मग पाठ फिरवून किंवा शेजारच्या दालनात जाऊन आठवेल तेवढे काढायचे. पाच मिनिटांनी परत यायचे. परतल्यावर चित्र दुरुस्त करायचे नाही. जे निसटले तिथे नुसता एक छोटा गोल करायचा. या गोलांवर बोलणे हा सबंध तासाचा सर्वांत श्रीमंत भाग असतो. माणसे चेहरे लक्षात ठेवतात आणि हात विसरतात, पुढची आकृती ठेवतात आणि मागची खिडकी विसरतात, आणि पुष्कळदा सगळ्यांचा एकच गोल एकाच जागी पडतो. ती जागा चित्रकाराने मुद्दाम दबकी ठेवली आहे का, हे मग चित्रालाच विचारता येते. आधीच्या उपक्रमांनंतर केलेले स्मरणचित्र आणि थेट आल्याआल्या केलेले स्मरणचित्र यांत मोठा फरक पडतो. शक्य असेल तर सुरुवातीलाही एक दोन मिनिटांचे करून घ्यावे आणि ते दुमडून खिशात ठेवायला सांगावे.

बोलणे आणि न बोलणे

एका आयोजकामागे दहा-बारा माणसांहून अधिक गट नसावा आणि वेळ तासाभराची असावी, त्यात प्रत्यक्ष रेखाटन पस्तीस-चाळीस मिनिटे. दालनात फिरताना कुणाच्याही कागदावर आपली पेन्सिल टेकवू नये. काही दाखवायचेच असेल तर ते आपल्या कागदावर दाखवावे. “वा, छान!” हा शब्द टाळणे कठीण आहे, पण टाळावा, एकाला छान म्हटले की शेजारचा ताबडतोब आपला कागद हाताने झाकतो. त्याऐवजी जे दिसते ते बोलावे: “तुमची रेघ इथे दाट झाली आहे, तिथे काय होते?” चित्राच्या भल्याबुऱ्याबद्दल मौन आणि पाहण्याबद्दल भरपूर उत्सुकता, हे प्रमाण मुलांच्या बाबतीतही तसेच ठेवावे. मुलांबरोबर आलेल्या पालकांना मात्र स्वतंत्र कागद द्यावाच, नाहीतर ते मुलाच्या खांद्यावरून सूचना देत राहतात.

शेवटी सगळे कागद जमिनीवर एका रांगेत ठेवून त्यांच्या भोवतीने एक फेरी मारावी. नावे लिहू नयेत. कोणते चित्र सर्वांत चांगले हा प्रश्न हवेत तरंगत असतोच, त्याच्या आधी आपला प्रश्न टाकावा: “यातल्या कोणत्या कागदामुळे तुम्हाला मूळ कलाकृती पुन्हा जाऊन पाहावीशी वाटते?” उत्तर देणाऱ्याला खरोखरच जाऊन पाहू द्यावे, बाकीचे थांबतील. कागद ज्याचा त्याला परत द्यावा. संग्रहालयाला प्रदर्शनासाठी हवा असेल तर विचारून घ्यावा आणि नकार आला तर दुसऱ्यांदा विचारू नये.

मग पेन्सिली मोजून घ्याव्यात, कारण बाकाखाली राहिलेल्या एका पेन्सिलीवरून कुणाचा पाय घसरला तर पुढच्या वेळची परवानगी मिळत नाही. स्टुले मिटताना दोघे-तिघे अजून बसलेलेच सापडतात. त्यांची स्टुले शेवटी उचलावीत, आणि दालन बंद करणाऱ्या रक्षकाला आपण अजून दहा मिनिटे थांबणार असल्याचे आधीच सांगून ठेवावे.